पाळीच्या दुखण्यावर लाल लाईटचा पट्टा, घ्यावा का?

वेचणीवाली (दारव्ह्याकडची):
बायांनो एक विचाराचं होतं. माही पोरगी अकरावीत हाय, पाळीच्या पह्यल्या दिवशी पोट धरून नुसती लोळते, उलट्या बी होते, कॉलेज बुडते. रीलमंधी तो लाल लाईटचा पट्टा दाखवून रायले न, पोटाले बांधाचा अन् वीस मिनिटात दुखणं गायब म्हणते. साडेचार हजार. आमच्याकडं वेचणी दहा रुपये किलोनं चालू हाय, म्हंजे साडेचारशे किलो कापूस वेचाचा तवा पट्टा येते. पोरगी मांगं लागली, आई घे न वं. कोणी वापरला का? खरंच काम करते का नुसता दिवा हाय?

फिजिओवाली:
ताई, अगदीच थोतांड नाही पण रीलमध्ये सांगतात तेवढंही नाही. कमी ताकदीचा लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बेंबीखाली ठराविक जागांवर देऊन दक्षिण कोरियात चाचण्या झाल्या, दुखणं कमी झालं असं आलं, पण एकेका चाचणीत शंभरही बाया नव्हत्या. आणि प्रकाश त्वचेखाली फार आत जात नाही, गर्भपिशवी तर खोल असते. पाळीत आतल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं, त्यानं पिशवी आवळते, रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून कळा येतात, अन् उलट्याही त्याच्यानंच. आता शेकाचं सांगते, 2001 साली एक चाचणी झाली, पोटाला 39 डिग्रीच्या आसपासचा शेक दिवसाला बारा तास दिला तर तो आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळीच्या बरोबरीनं उतरला. त्याला साडेचार हजार लागत नाहीत.

संत्रावाली_मोर्शी:
मी घेतला होता बापा, ऑनलाईन, स्वस्तातला. लाईट कमी अन् गरमच जास्त होते, दुसऱ्या महिन्यात पोटावर लाल चट्टा उठला, तिसऱ्यात चार्जिंगच होईना. विकणाऱ्याले फोन केला तं नंबर बंद. बरं वाटत होतं हे खरं, पण मले तं वाटते ते गरमीनंच 😅

आशाताई:
अवं ताई पह्यले पोरीले दवाखान्यात दाखवून आणा, मंग पट्टा. दुखण्याची गोळी कवा देता तुमी? बहुतेक बाया दुखणं सहन होईना झालं का मंग देते, तवा उशीर झालेला असते. दुखू लागलं का लगेच द्याची, पोटात काहीतरी खाऊन, दोन तीन दिवसच. पण कोणती अन् किती ते डॉक्टरले विचारूनच, मेडिकलवाल्याले नाई. मेफेनॅमिक म्हणून पाळीच्या दुखण्याची गोळी असते, तिच्याबद्दल 2023 मंधी सरकारनं इशारा बी काढला होता, अंगावर पुरळ अन् ताप आला तं बंद करून लगेच दाखवाचं. अन् एक, दुखणं दर महिन्याले वाढत असन, पाळी नसताना बी दुखत असन, तासातासाले पॅड बदलाले लागत असन, तं घरी शेकत बसू नोका. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं बाहेर वाढते तो आजार) असू शकते. पोरगी फिकी दिसते का? हिमोग्लोबिन 12 च्या खाली हाय का पाहा, सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) बी तपासणी करून घ्या, आपल्या भागात लय हाय ते. शाळेतली लोहाची निळी गोळी घेते का कागदात गुंडाळून फेकते, तेही विचारा 😄

वेचणीवाली:
फेकत होती म्हणते, आता कबूल झाली. दुखण्याची गोळी बी मी रात्री देत होतो, दिवसभर सोसल्यावर. पट्टा राहू द्या. सोमवारी मजुरी बुडवून दवाखान्यात नेतो. तवरिक सासूबाईच्या गुडघ्याची गरम पाण्याची पिशवी काढली तं तिचं झाकण गळते, निम्मी गादी वली झाली. आता झाकण भेटते का नवीन पिशवीच घ्या लागते?

संत्रावाली_मोर्शी:
झाकण नाई भेटत. पिशवीच घ्या, अन् फडक्यात गुंडाळून लावा, उघडी नोका लावू.