झूम आहे ना, मग पिक्सेल का नको?

परळवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "साध्या वेबपानाच्या अक्षरांना सरळ १४ पिक्सेल द्या, ज्याला दिसत नाही तो झूम करेल." डोकंच सटकलं. माझ्या आईने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय, तुम्ही पिक्सेल ठोकलेत की ते सेटिंग गेलं उडत. मूळ साइझला हातच लावू नका, ती बहुतेक ब्राउझरमध्ये १६ असतेच, परिच्छेद १ रेम (म्हणजे त्या मूळ साइझच्या एकपट), मथळा २ रेम, विषय संपला.

चर्चगेट स्लो: ते मीच लिहिलंय आणि अजून तेच म्हणतो. जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ ब्राउझरमध्ये पिक्सेलची अक्षरं वाढायची नाहीत, आता कंट्रोल-प्लस दाबलं की सगळं वाढतं. ०.८ एम (म्हणजे बाहेरच्या घटकातल्या अक्षराच्या ०.८ पट) लावून यादीत यादी टाकून बघ, तिसऱ्या पातळीला अक्षर ८ पिक्सेलवर येतं. क्लायंटच्या शिव्या मी खाल्ल्यात.

परळवाला: अरे ती बोंब एमची! रेम आई-बापाकडे, म्हणजे बाहेरच्या घटकाकडे, बघतच नाही, थेट मुळावरून मोजतो. नीट वाचत जा.

मुलुंडची वहिनी: तुमचं सगळं इंग्रजी पानांचं चाललंय. मराठीचं काय? आमच्या सोसायटीच्या पानावर पाणीकपातीची नोटीस, सासऱ्यांनी अक्षर मोठं केलं तर 'पूर्वी'चा रफार वरच्या ओळीतल्या 'सूचना'च्या उकाराला जाऊन चिकटला, कारण लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, २० पिक्सेलवर बांधलेली. नुसतं १.६ लिहा, एककाशिवाय, मग अक्षराबरोबर ओळपण वाढते. आणि ते अक्षरांमध्ये अंतर टाकणारं लेटर-स्पेसिंग मराठीला लावू नका हो, शिरोरेषेचे तुकडे होतात!

चर्चगेट स्लो: १.६ ने पान किती लांबतं बघितलंत का वहिनी? लोक फोनवर वाचतात, लोकलमध्ये उभं राहून.

मुलुंडची वहिनी: लांबू दे ना! अंगठ्याने सरकवता येतं, कापलेली वेलांटी नाही वाचता येत. २०० टक्के वाढवलं तरी मजकूर तुटता कामा नये, हे डब्ल्यूसीएजीमध्येच (वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणूनचे नियम) लिहिलंय, माझ्या मनचं नाही.

परळवाला: वहिनी, लाइन-हाइटचं माझ्या डोक्यातच नव्हतं. बरोबर आहे.

चर्चगेट स्लो: बरं बाबांनो, मजकूर रेममध्ये टाकतो, लाइन-हाइट १.६. बॉर्डर मात्र पिक्सेलमध्येच राहणार, त्यावर परत सुरू होऊ नका.

परळवाला: बॉर्डरचं कोण बोललं? व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये (पान फोनच्या पडद्यावर कसं बसवायचं ते सांगणारी ओळ) 'युजर-स्केलेबल नो' टाकून ठेवलंयस, ते आधी काढ. झूमच्या जिवावर एवढा भांडलास आणि अँड्रॉइडवर तोच बंद करून बसलायस.