लॅपटॉपची रॅम वाढवावी की नाही? तुमचे अनुभव सांगा

शब्दखूळ, ठाणे

रोज सकाळी अकराला माझा क्लायंटबरोबर कॉल असतो. कॉल सुरू झाला की मी टाइप केलेलं 'आणि' पडद्यावर उमटायला इतका वेळ लागतो की तोवर पुढचं वाक्य विसरायला होतं.

मी भाषांतरं करते. लॅपटॉप २०२१ चा, रॅम (म्हणजे मेमरी, चालू कामं मांडून ठेवायची जागा) ८ जीबी. एका वेळी वर्डच्या दोन फायली, भाषांतराचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये पंचवीस-तीस टॅब (निम्मे शब्दकोशांचे, निम्मे कधी उघडले ते देवालाच ठाऊक) आणि वर हा कॉल. मुलगा म्हणतो नवा घे. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, "रॅम डबल करा मॅडम, पळेल बघा." नवरा म्हणतो टॅब बंद कर. सल्ले भरपूर झाले, म्हणून इथे अनुभव मागते आहे. रॅम वाढवली असेल तर आधी काय बिनसलं होतं आणि नंतर काय सुधारलं? वाढवली नसेल तर का नाही? फसला असाल तर तेही लिहा, मला त्यातूनच जास्त कळतं.

ताळेबंद, सोलापूर

पहिला फसलेला मीच. सीएच्या ऑफिसात आहे, मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे लग्नघर. जीएसटीचे आकडे जुळवायची एक एक्सेल फाइल होती, लाखभर ओळी आणि प्रत्येक ओळीत व्हीलूकअप (दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधून आणणारं सूत्र). फिल्टर लावला की 'पुरेशी मेमरी नाही' अशी पाटी यायची. साहेबांच्या मागे लागून ८ ची रॅम १६ करून घेतली. मशीन सुरू केलं, फाइल उघडली, फिल्टर लावला. पाटी तीच! साहेबांनी तेव्हा माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

टास्क मॅनेजर (मेमरी, डिस्क, प्रोसेसर किती वापरात आहेत ते दाखवणारी विंडोजची खिडकी) बघितला तर १६ पैकी ९ जीबी रिकामी. म्हणजे गोदाम उघडं आणि हमाल दारातच अडलेला. आमचं एक्सेल ३२-बिटचं होतं. ३२-बिट प्रोग्रॅमला मुळात ४ जीबीच्या पुढे मोजताच येत नाही, जुन्या एक्सेलला तर दोनच्या पुढे नाही. मशीनमध्ये रॅम किती का असेना! (एक्सेलमध्ये फाइल, मग अकाउंट, मग अबाउट एक्सेल. ३२ की ६४ ते तिथे लिहिलेलं असतं.) ६४-बिटचं टाकून घेतलं, त्याच लायसन्सवर, जादा पैसे न देता. रॅम अगदीच वाया गेली असं नाही, टॅली आणि ब्राउझर शेजारी उघडे ठेवता येतात आता. पण साहेबांना मी जे कारण सांगितलं होतं ते खोटं ठरलं ते ठरलंच.

भातखाचर, सावंतवाडी

आमच्याकडे जुलैत पापडाबरोबर लॅपटॉपही सादळतो. एका सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडदा काळा आणि आतून पिप-पिप. दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच निकाल दिला, रॅम गेली, नवी टाकायचीच आहे तर मोठीच टाका. मी पैसे काढायला निघालोही होतो. मामेभाऊ पूर्वी सायबर कॅफे चालवायचा, तो म्हणाला थांब जरा.

चार्जर काढला, बॅटरी काढली, मागचं झाकण खोललं. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही अंगांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या तशी ती तिरपी वर उसळली. तिचे सोनेरी दात काळपट पडले होते. मुलीच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घेऊन त्याने ते हलक्या हाताने, एकाच दिशेने घासले. मी कण उडवायला फुंकर मारणार तेवढ्यात ओरडला, "थुंकी उडते रे!" कोरड्या ब्रशने झटकले. पट्टी तिरपीच आत सारली, खाली दाबली, टक् आवाज आला. बटण दाबलं, सुरू!

पाच रुपयांचं खोडरबर. त्याला तीन पावसाळे झाले. रॅम ४ जीबीच आहे, मला आंब्याच्या पेट्यांची बिलं करायला पुरते.

चकरा, नाशिक

माझा किस्सा छोटा. २०१७ चा लॅपटॉप, फिरती हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळला की डेस्कटॉप दिसायचा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ६० टक्के आणि डिस्क १०० ला चिकटलेली. तिच्या जागी एसएसडी टाकली, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क. आता चहाला सवडच होत नाही. रॅमला हातही लावला नाही.

खाच, डोंबिवली

ताई, खरेदीला जाल तर जुन्या पट्टीचा फोटो घेऊन जा, नाहीतर माझ्यासारखं होईल. २०१५ चा लॅपटॉप होता. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो, शनिवारची गर्दी. लॅपटॉपची डीडीआर३ (म्हणजे तिसऱ्या पिढीची रॅम) द्या म्हटलं. दुकानदाराने काउंटरखालून एक पट्टी काढली. "चलेगा ना?" "बिनधास्त." घरी आणून लावली. खाच जुळली, क्लिपा बसल्या, मशीन मात्र उठेना.

दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून लेबलं वाचली तेव्हा उजेड पडला. जुनीवर पीसी३एल, नवीवर नुसतंच पीसी३. एलवाली १.३५ व्होल्टवर चालते, बिनएलवालीला १.५ लागतात आणि माझ्या मशीनला तेवढे द्यायची सोयच नव्हती. दोघींना पिना २०४, खाचही एकाच जागी, म्हणून बसते आणि म्हणूनच माणूस फसतो. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ किंवा ४ च्या जागी ५ घालायला गेलात तर ती निदान आत शिरत तरी नाही.

पुढच्या शनिवारी बदलून मिळाली. वर दीडशे रुपये 'डिफरन्स' आणि दोन वेळचं लोकलचं तिकीट. वडापाव धरलेला नाही.

शेवटची बिल्ड, कराड

इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. रायझन ५ चा लॅपटॉप, ८ ची एकच पट्टी, एक स्लॉट (पट्टी बसवायची जागा) मोकळा. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) एकदम लावले की माउसपण हलायचा नाही. २०२३ मध्ये दुसरी ८ ची टाकली. तिघांनी मिळून तीन पट्ट्या मागवल्या, प्रत्येकी सतराशे. तो त्रास त्याच दिवशी संपला.

पण न मागता मिळालेली गोष्ट सांगतो, गेम सुधारला. माझ्यात वेगळं ग्राफिक कार्ड नाही, आतलं ग्राफिक आपल्या रॅममधूनच जेवतं. एका पट्टीच्या दोन झाल्या की एका नळाऐवजी दोन नळांनी पाणी येतं. रूममेटने याच मॉडेलमध्ये ८ ची काढून एकच १६ ची घातली. बेरीज दोघांची सारखी, पण गेम माझ्याकडे सरळ जातो, त्याच्याकडे अडखळत. तो म्हणतो त्याचा नेट स्लो आहे. गेम ऑफलाइन आहे.

वाळा, नागपूर

८ ची १६ केली. दहा मिनिटं पळायचा, मग बसायचा. मे महिना चालला होता. खोलून पाहिलं तर पंख्याच्या जाळीवर धुळीची गोधडी. प्रोसेसर तापला की आपणहून वेग कमी करतो, त्याला रॅम काय करणार? साफ केली, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. आता १६ जीबीतली अर्धी नुसती बसून असते अन् मी तिच्याकडे पाहत असतो.

उलटं घड्याळ, म्युनिक

आमच्याकडे प्रश्नच मिटला. हौसेने पातळ लॅपटॉप घेतला, ८ जीबीचा. दोन वर्षांनी झाकण उघडलं तर स्लॉटच नाही, मेमरीच्या चिपा बोर्डवर डाग देऊन बसवलेल्या. मॅकबुकमध्ये तर २०२० च्या एम१ या ॲपलच्या चिपपासून मेमरी प्रोसेसरच्याच पाकिटात असते, तिथे काय ते दुकानातच ठरवायचं. बायकोचा तसाच ८ वाला आहे आणि तिची तक्रार नाही. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला (मॅकचा टास्क मॅनेजर) मेमरीवरच्या ताणाचा, 'मेमरी प्रेशर'चा आलेख हिरवा असतो, फोटोंचं काम असलं की पिवळा.

शब्दखूळताई, तुमच्यात स्लॉट आहे का ते आधी बघा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे 'स्लॉट्स यूज्ड' दिसेल. पण तेवढ्यावर विसंबू नका. माझ्या मशीनवर तिथे 'दोनपैकी दोन' लिहून येतं, डाग दिलेल्या चिपाही तो स्लॉट म्हणून मोजतो. त्याच्याच खाली 'फॉर्म फॅक्टर' आहे. तिथे 'रो ऑफ चिप्स' असेल तर स्क्रू ड्रायव्हर परत ठेवून द्या. मी आपोआप सुरू होणारे नऊ प्रोग्रॅम बंद केले, ब्राउझरचा मेमरी सेव्हर (न वापरलेले टॅब झोपवणारा) चालू केला आणि ढकलतो आहे.

जुना फळा, वाई

मी निवृत्त शिक्षक. लॅपटॉप २०१२ चा, ४ जीबी. विंडोज १० चं दाणापाणी, म्हणजे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं. ११ ला रॅम ४ जीबी चालते, पण माझा प्रोसेसर तिला पसंत नाही. नातू रॅम टाकून द्यायला निघाला होता. मी म्हटलं, बैलच म्हातारा झालाय, शिंगं रंगवून काय होणार? त्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं, त्यातलं हलकं, एक्सएफसीई नावाच्या साध्या डेस्कटॉपवालं. वर्तमानपत्र, ईमेल आणि भजनांच्या फायली चालतात. प्रिंटर मात्र अजून बोलत नाही, त्याची समजूत काढायला नातू दिवाळीत येणार आहे.

शब्दखूळ, ठाणे

सगळ्यांचे आभार. चार दिवस कॉलच्या वेळी टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवला. डिस्क निवांत (एसएसडी आहे, हे मला आत्ता कळतंय). प्रोसेसर चाळीस टक्क्यांच्या आसपास. मेमरी ७.८ पैकी ७.३. नवऱ्याचं ऐकून टॅब सहावर आणले तरी ६.९. भाषांतराचं सॉफ्टवेअर एकटंच दोन जीबीच्या वर ठाण मांडून बसलेलं, माझे वीस वर्षांचे शब्दसंग्रह त्यात आहेत आणि ते काही मी काढणार नाही. म्हणजे दुकानदार बरोबर होता. हे लिहिताना हात जड होतोय. स्लॉट दोनपैकी एक, फॉर्म फॅक्टर एसओडीआयएमएम, म्हणजे काढता-घालता येणारी पट्टी.

भाव विचारला. कराडकर, तुझे सतराशे विसर बाबा, मला सांगितलेला आकडा त्याच्या तिपटीहून जास्त आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅम भडकली आहे, एआयच्या डेटा सेंटरांकडे चिपा वळल्यात म्हणून. मी एक शब्दही न बोलता दुकानातून घरी आले.

मग मुलाला आठवलं, त्याचा पडदा फुटलेला लॅपटॉप माळ्यावर आहे. त्यात ८ ची डीडीआर४ निघाली, व्होल्ट तेच, १.२. वेग मात्र वेगळा, त्याची २६६६ ची, माझी ३२०० ची, त्यामुळे जोडी आता २६६६ वर चालते, सावकाश बैलाच्या पावलाने. सावंतवाडीची आठवण ठेवून खोडरबर फिरवलं, फुंकर नाही मारली. लावून बटण दाबलं आणि पडदा काळा. मुलगा म्हणाला पहिल्यांदा वेळ लागतो, हात लावू नकोस. तो मिनिटभर मी नवीन लॅपटॉपचे हप्ते मोजत होते. मग उठला.

आज अकराचा कॉल झाला. १५.८ पैकी १०.२. 'आणि' टाइप केलं, 'आणि' उमटलं. क्लायंटचा आवाज मात्र अजूनही मधेच गायब होतो. नवरा म्हणतो, राउटर फ्रीजच्या मागे आहे.