मदत हवी आहे: इंदूर, घरचा कमावता माणूस गेला, सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी,

राजेंद्रनगरात आमच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या एका वहिनींसाठी विचारते आहे. त्यांचे यजमान सांवेर रोडच्या एका कारखान्यात फिटर होते. झोपेतच हृदयविकाराने गेले. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. मूळचे रावेरकडचे, त्यामुळे रेशनकार्ड अजून महाराष्ट्रातलंच. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) कधी काढलीच नाही आणि इथे कुठल्याही खिडकीवर पहिला प्रश्न तोच असतो. वहिनी घरी साड्यांना फॉल-पिको करतात. त्यात खोलीभाडं कसंबसं निघतं.

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने एकेका योजनेचं नाव सांगितलं: लाडली बहना, विधवा पेन्शन, आयुष्मान, मुलांसाठी महिना चार हजार. ऐकून त्या आणखीच गांगरल्या. एकाने तर लाडली बहनात नाव घालून देतो म्हणून पैसेही मागितले. बाई मानी आहेत. शेजारून डबा गेला तर तो कधी रिकामा परत येत नाही. त्यांच्यापुढे कोणी पाकीट धरलेलं त्यांना सोसणार नाही, म्हणून त्यांच्या हक्काचं जे आहे ते आधी मिळवून द्यावं असं मनापासून वाटतं.

कुठला कागद आधी काढायचा, कुठे जायचं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

सुदामानगरवासी:
ताई, योजना थोड्या बाजूला ठेवा. आधी यजमानांचा मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका, त्यात रिचार्ज टाका. बहुतेक घरांत सगळ्यांचं आधार आणि बँक त्या एकाच नंबरला जोडलेलं असतं. सिम गेलं की ओटीपी येत नाही आणि सगळंच अडतं. वहिनींनी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्यावा.

मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. मग बँकेचं पासबुक भरून आणा आणि वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसतात का ते बारकाईने बघा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा. त्यात मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. २० म्हणजे सुरक्षा विमा, पण तो अपघाताचा, इथे लागू होणार नाही. खातं उघडताना सही घेतलेली असते आणि घरच्यांना पत्ताच नसतो. कापलेले दिसले तर त्याच बँकेत लगेच दावा लावा, उशीर करू नका.

निवृत्त कामगार:
कारखान्यात पीएफ कापत होते का? हा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे आणि तेराव्याला तो कोणीच विचारत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर यूएएन नंबर (पीएफ खात्याचा ओळख क्रमांक) असेल, तो शोधा. साठलेली रक्कम तर मिळतेच. त्याशिवाय नोकरीत असताना माणूस गेला तर पत्नीला दरमहा पेन्शन लागू होते. एकच महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी हा हक्क असतो. पेन्शन कमीत कमी १,००० रुपये, आणि दोन मुलांना वेगळी, पंचवीस वर्षांचे होईपर्यंत. तिसरा भाग पीएफला जोडलेल्या विम्याचा: शेवटचे बारा महिने सलग नोकरी असेल तर किमान २.५ लाख, जास्तीत जास्त ७ लाख. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर अंत्यसंस्काराच्या खर्चापोटी १५,००० पर्यंत मिळतात.

हे कोणाचे उपकार नव्हेत, त्यांच्याच घामाचे आहेत. मानी माणसाला हे सांगितलं की पुढचं पाऊल टाकायला बळ येतं.

मालव्यातली मावशी:
अगं, समग्र नगर निगमाच्या झोन कार्यालयात होते. कुटुंबाची आयडी आठ आकडी, प्रत्येक सदस्याची नऊ आकडी. आधारची ई-केवायसी त्याच वेळी करून घ्या. नंतर कल्याणी पेन्शनचा अर्ज (इथल्या फॉर्मवर विधवा हा शब्द नाही, कल्याणी आहे, तोच शोध). महिना ६०० रुपये. कमी आहेत, पण सोडू नका.

ते चार हजार खरे आहेत. मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या सरकारी योजनेतली स्पॉन्सरशिप, एका मुलाला महिन्याला ४,०००. वडील नसलेली, आईजवळ राहणारी मुलंही त्यात बसतात. शहरात वर्षाचं उत्पन्न ९६,००० च्या वर नको. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करायचा. उत्पन्नाचा दाखला लोक सेवा केंद्रातून आधीच काढून ठेव. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून दोन्ही मुलांचे अर्ज एकदमच दे.

लाडली बहनाची नवी नोंदणी २०२३ नंतर उघडलेली नाही. पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. रावेरचं कार्ड घाईने रद्द करू नका. एक देश एक रेशनकार्डमुळे त्याच कार्डावर, अंगठा लावून, इथल्या दुकानात धान्य मिळतं. इथली पात्रता पर्ची (इथल्या रेशनची चिठ्ठी) हातात आली की मग तिकडचं नाव काढा.

कुठे अर्ज अडला तर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक) असते, किंवा १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेव. आणि तिला एकटीला पाठवू नकोस गं. बरोबर कोणी असलं की खिडकीवरचा माणूसही नीट बोलतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या सापडल्या, पीएफ कापल्याचं दिसतंय! पण कारखान्याचे लोक फॉर्मवर सही द्यायला टाळाटाळ करताहेत, 'पुढच्या आठवड्यात या' एवढंच उत्तर मिळतं. आता काय करावं?

निवृत्त कामगार:
त्यांच्या सहीवाचून दावा थांबत नाही. मालक सही देत नसेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँकेच्या मॅनेजरची साक्षांकित सही चालते. सही का मिळाली नाही ते वेगळ्या कागदावर लिहून जोडा. फॉर्म थेट पीएफ कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका. वहिनींच्या नावाचं बँक खातं चालू आहे ना, तेवढं आधी बघून घ्या. पैसे त्यातच येतील.