सगळ्या न्यूट्रलायझेशनचं (ॲसिड आणि बेस एकमेकांना उदासीन करतात त्या अभिक्रियेचं) इक्वेशन एकच नसतं
"कुठलंही ॲसिड-बेस घ्या, नेट आयनिक इक्वेशन शेवटी हायड्रोजन आयन अधिक हायड्रॉक्साइड बरोबर पाणी" असं कुणीतरी वर लिहिलंय (नेट आयनिक इक्वेशन म्हणजे फक्त प्रत्यक्ष बदलणारे कण दाखवणारं समीकरण), ते हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोड्यासाठी बरोबरच आहे, पण बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये सल्फ्युरिक ॲसिड घातलं की बेरियम सल्फेटचा पांढरा साका पण बसतो, म्हणजे बेरियम सल्फेटच्या एका युनिटमागे पाण्याचे २ रेणू, आणि खोडायला एकही स्पेक्टेटर आयन (अभिक्रियेत भाग न घेता द्रावणात तसाच राहणारा आयन) उरत नाही. हे प्रयोगात चक्क दिसतं! द्रावणात इलेक्ट्रोड सोडून बल्ब जोडा, ॲसिड थेंबथेंब घालत गेलं की वीज वाहून नेणारे आयन संपत जातात, बल्ब मंद होत होत जवळजवळ विझतो आणि अजून घातलं की परत पेटतो. शाळेत हे दाखवायलाच हवं (बेरियम हायड्रॉक्साइड विषारी आहे, त्यामुळे शिक्षकांनीच करावं).

आणि व्हिनेगर असेल तर इक्वेशनमध्ये त्यातलं ॲसेटिक ॲसिड आयनांमध्ये फोडायचं नाही, अख्खा रेणू लिहायचा, ते वीक आहे, म्हणजे पाण्यात त्याचे फार थोडे रेणू आयनांमध्ये फुटतात.