'लेट' म्हणजे जाऊ देणं की अडवणं?

तिसरीघंटा: हॅम्लेटचा पहिल्या अंकातला प्रवेश मराठीत करतोय. बापाचं भूत खुणावतंय, होरेशिओ आणि मार्सेलस त्याला धरून ठेवतायत, आणि तो ओरडतो, 'आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी'. माझ्या मते इथे लेट म्हणजे अडवणं. पण आमच्यातला एकजण हट्टाला पेटलाय की लेट म्हणजे देणं, त्यामुळे 'मला जाऊ देईल त्याचं भूत करीन'. आता जाऊ देणाऱ्याला कोण कशाला मारेल? शिवाय नेमकं क्रियापदही सुचत नाहीये, 'मुडदा पाडीन' केलं तर भुताची गंमत जाते.

नेपथ्य: तुमचंच बरोबर. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, झिजत झिजत एकसारखी झाली. अडवणारा लेट हा उशीरवाल्या लेटचा भाऊबंद. त्यांना म्हणावं पासपोर्ट उघडा, राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती असते त्यात 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' आहे आणि वर हिंदीत 'बिना रोक-टोक'. त्याच नाटकात 'प्रिव्हेंट' पण आधी गाठणं या अर्थाने आलाय, रोखणं नव्हे.

खटपट्या: मला तर वाटतं हा आपला लोटणे. लोट, लेट. इंडो-युरोपियन आहेच की.

कुरबुर: अहो, उद्या हॅम्लेट पण हमालावरून आला म्हणाल.

खटपट्या: हसा. पण आमच्या गावात लेटणे म्हणजे आडवं होणं, आणि आडवा आला म्हणजे अडवलंच ना?

शुद्धमती: 'आडवा येईल त्याचं भूत करीन' छान बसेल. 'मोडता घालील' नको, लग्न मोडायला निघाल्यासारखं वाटतं. बाकी एकाच शब्दाचे उलटे अर्थ हा इंग्रजीचाच गोंधळ, आपल्याकडे असलं नाही.

कुरबुर: आणि 'अपरोक्ष'? संस्कृतात डोळ्यांसमोर, आपण सगळे म्हणतो 'माझ्या अपरोक्ष तो काहीबाही बोलला'.

शुद्धमती: ती चूक आहे. पाठीमागे म्हणजे परोक्ष. अपरोक्षानुभूती हे ग्रंथाचं नाव माहीत असेलच.

कुरबुर: सगळा महाराष्ट्र चुकतो आणि तुम्ही बरोबर? वापरणाऱ्याला जो कळतो तो अर्थ.

नेपथ्य: या न्यायाने 'लेट्स मी'चं 'जाऊ देईल'सुद्धा बरोबर ठरेल, आजचा वाचक तेच समजतो.

कुरबुर: ते वेगळं. शेक्सपिअरचा प्रेक्षक १६०० च्या आसपासचा, त्याला कळलं की झालं. आजचा मराठी माणूस जिवंत आहे, त्याला का दुरुस्त करायचं?

तिसरीघंटा: मंडळी, 'आडवा येईल' घेऊ का? आगरकरांनी विकारविलसितमध्ये, म्हणजे त्यांच्या मराठी हॅम्लेटमध्ये, काय केलंय, कुणाकडे आहे का? १८८३ चं.

शुद्धमती: कुरबुर, 'समक्ष'चा अर्थही उद्या बदलला तर चालेल का तुम्हाला?

खटपट्या: समक्ष वरून आठवलं, आमचे मामलेदार प्रत्येक अर्जावर 'समक्ष भेटा' लिहायचे आणि स्वतः कधीच समक्ष नसायचे.