नवऱ्याला कोइमतूरला नोकरी मिळतेय. सोलापुरातली कायम नोकरी सोडून मी जावं का?

जुळे_सोलापूर:
नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाईंगला आहे. कोइमतूरच्या एका मोठ्या मिलमधून त्याला बोलावणं आलंय. पगार बराच जास्त, शिकायलाही भरपूर. इथली परिस्थिती सोलापूरकरांना काय सांगू? ऑर्डर असली की दोन पाळ्या, नसली की लूम बंद. तो म्हणतो, "तू आलीस तरच जाईन." ऐकायला गोड आहे, पण सगळा निर्णय माझ्या गळ्यात पडलाय.

मी अनुदानित मराठी शाळेत शिक्षिका. शिक्षणसेवकाची 3 वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढून आता कुठे कायम झालेय. तमिळनाडूत मराठी माध्यमाच्या बाईंना कोण विचारणार? शिवाय आई एकटी, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे तर कधी मध्यरात्री. तिचे गुडघे गेलेत. पाणी आलं की मीच पळत जाते, हौद भरते, मोटर लावून वरची टाकी भरते, तोवर तिचा चहा होतो. मी गेल्यावर हे कोण करणार? सासरचे म्हणतात, बायकोनं नवऱ्याबरोबर जावं. मैत्रिणी म्हणतात, वेडी आहेस का. तुम्ही काय म्हणाल?

निवृत्त_बाई:
राजीनामा अजिबात देऊ नकोस. आयुष्यभर शाळेत काढलं, म्हणून सांगते. एकदा बाहेर पडलीस की परत यायला पुन्हा अभियोग्यता चाचणी, पुन्हा शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, पुन्हा गुणवत्ता यादीची वाट. तोवर वय थांबत नाही. त्याची नोकरी खाजगी, उद्या मिलनं कामगार कमी केले तर? घरात एक पगार पक्का असलाच पाहिजे.

पूर्वभाग:
ताई, कशाला एवढं घाबरायलीस? आम्ही पद्मशाली. आमचे पणजोबा तेलंगणातून माग घेऊन सोलापुरात आले तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. आज नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा आख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. परकं गाव असंच आपलं होतं. कोइमतूरला तर तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं पुष्कळ आहेत, तिथले बरेच देवांग विणकर घरी कन्नड बोलतात. सोलापूरच्या पोरीच्या कानाला दोन्ही भाषा ओळखीच्या असतात. महिन्याभरात भाजी आणायला लागशील.

निवृत्त_बाई:
पूर्वभाग, तुमचे पणजोबा एकटे आले का? गल्लीच्या गल्ली आली, मागोमाग देऊळ आलं, लग्नं जमवणारी माणसं आली. ही पोरगी एकटी जाणार, तेही एका माणसाच्या आधारानं. दोन्हीत फरक आहे.

पूर्वभाग:
फरक आहे, मान्य. पण आमच्या घरातल्या बायकांचंही ऐका. नवरा मागावर आणि बाई घरात विड्या वळायची. कारखान्यात विड्या देऊन आली की मजुरी तिच्या हातात. गाव परकं असलं तरी पदराला स्वतःचे पैसे बांधलेले होते. म्हणून मी म्हणतो, जा, पण तिथे चार महिन्यांत काहीतरी स्वतःचं सुरू कर. ऑनलाइन मराठीच्या शिकवण्या घे. बाहेरदेशातले आईबाप पोरांना मराठी शिकवायला बाई शोधत असतात.

सातरस्ता:
पुण्यात बघायला सांगा की त्याला. हुतात्मा एक्सप्रेस आहे, वंदे भारत आहे, आईला काही झालं तर रात्रीपर्यंत घरी.

टिकेकरवाडी:
सातरस्ता, पुण्यात टॉवेलची डाईंग कुठे आहे? ज्याचं काम जिथे आहे तिथेच माणूस जाणार.

मी नवऱ्यामागे सुरतला गेले आणि अजून इथेच आहे. गावानं मला त्रास दिला नाही. त्रास झाला तो बारा-बारा तासांच्या पाळीचा. तो सकाळी सातला जायचा, आला की जेवून झोपायचा. दिवसभर जिन्यावर पाऊल वाजलं की मी दार उघडायची, कुणीतरी बोलेल म्हणून. शेजारच्या भाभीनं पापड लाटायला बोलावलं तेव्हा कुठे माणसात आले. म्हणून तुला विचारते. मिल शहरात आहे, की पल्लडम-सोमनूरच्या बाजूला लांब? क्वार्टर मिलच्या आवारात आहे का? पाळी बदलती आहे का? आठवड्याची सुट्टी खरंच मिळते का? हे आधी त्याच्याकडून लिहून घे, मग आमची मतं विचार.

आणि "तू आलीस तरच" हे प्रेमानं म्हटलेलं असेल, पण ती अटच आहे. तिथे मन रमलं नाही तर दोघं परत येऊ, हे तो आजच म्हणतो का?

सातरस्ता:
बिचारा बायकोला सोडून जायचं नाही म्हणतो, तर त्याच्यावरच उलटायले सगळे. दुसरा असता तर विचारलंही नसतं.

टिकेकरवाडी:
विचारलं हे चांगलंच केलं. आता उत्तर "नाही" आलं तर तेही ऐकायची तयारी हवी. दोन वर्षांनी "तुझ्यामुळे संधी गेली" असं म्हणायचं नाही.

जुळे_सोलापूर:
सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री बसून बोललो. मिल शहराबाहेर आहे, पाळी बदलती. परत यायचं विचारलं तर तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "येऊ." त्याचं ते गप्प बसणं मला आवडलं, विचार करून बोलला म्हणून. ठरलंय असं की आधी तो एकटा जाईल आणि मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन राहीन. कुर्ला-कोइमतूर एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. पुढे जावंसं वाटलं तर राजीनामा न देता संस्थेकडे असाधारण रजा मागेन. आईला बरोबर चल म्हटलं तर तिनं सरळ नाही सांगितलं. तिच्या हौदाला फ्लोट स्विचची, म्हणजे टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटर बसवायची आहे, कुणी चांगला मोटरवाला सांगा.

पूर्वभाग:
दिवाळीची चार दिवसांची पाहुणी म्हणून गाव कळत नाही ताई. मे महिन्याची आख्खी सुट्टी तिथे काढ. मोटरवाल्याचा नंबर मेसेज करतो.

निवृत्त_बाई:
माझं मत बदललेलं नाही, नोकरी सोडू नकोस. रजा बिनपगारी असेल, आणि मंजूर करायची की नाही ते संस्थेच्या हातात. अर्ज दोन प्रतींत दे आणि एका प्रतीवर शाळेच्या शिक्क्याची पोच घे. मंजुरी लेखी हातात पडल्याशिवाय गाडीत बसू नकोस.