आईची औषधं भारतातून येतात, तरी मेडिकेअर पार्ट डी घ्यायचा का?

चहाबाज:
नमस्कार मंडळी. आई 68 ची आहे, ग्रीन कार्डवर, इथे सलग पाच वर्षं येत्या मार्चमध्ये पुरी होतायत, म्हणजे मेडिकेअर (अमेरिकेचा 65 वरच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) घेता येईल. आई-बाबा दोघांनीही इथे कधी नोकरी केलेली नाही त्यामुळे पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) चे 2026 चे महिन्याला 565 डॉलर पडतात, ते काही झेपणारं नाही, फक्त पार्ट बी (डॉक्टर-तपासण्यांचा भाग, 202.90) घ्यायचा विचार आहे. अडलंय ते पार्ट डी वर, म्हणजे औषधांच्या भागावर. तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्या भारतातून कोणी ना कोणी घेऊन येतं आणि त्या इतक्या स्वस्त पडतात की इथे औषधांचा वेगळा इन्शुरन्स घ्यावा असं वाटतच नाही. पण न घेतल्यास दंड लागतो म्हणे, तोही जन्मभर? आणि पार्ट ए नसताना डी मिळतो तरी का? सोशल सिक्युरिटीच्या (पेन्शनचं सरकारी खातं) ऑफिसातच होतं का हे पण सगळं?

बिनधास्त_बंडू:
नका घेऊ. जेनेरिक गोळ्या कूपनवर इथेही चिल्लर भावात मिळतात. माझ्या सासऱ्यांचं वर्षानुवर्षं असंच चाललंय, काही बिघडलं नाही.

गोळीवाली:
फार्मसीत काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. पार्ट ए नसला तरी बी असेल तर डी घेता येतो. ए आणि बी सोशल सिक्युरिटीकडे, पण डी तिथे नाही, तो प्रायव्हेट कंपन्यांचा असतो आणि मेडिकेअरच्या वेबसाइटवरून किंवा 1-800-मेडिकेअरला फोन करून घ्यायचा. पहिल्यांदा पात्र होताना 7 महिन्यांची खिडकी मिळते, त्यात घेतला तर दंडाचा प्रश्नच नाही.

दंडाचा हिशोब असा की ती खिडकी संपल्यावर सलग 63 दिवस किंवा जास्त डीच्या तोडीचं कव्हर नसेल, तर नसलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला बेस प्रीमियमच्या (सरकार दरवर्षी ठरवतं तो आकडा) 1 टक्का. 2026 चा बेस 38.99 आहे, म्हणजे 20 महिने टाळलं तर महिन्याला 7.80 डॉलर जास्त. डी आहे तोवर कायम, आणि बेस बदलला की दंडही बदलतो. बंडूभाऊंची कूपनं आणि भारतातून आणलेल्या गोळ्या कव्हर म्हणून धरत नाहीत हं.

बिनधास्त_बंडू:
7.80?? एवढ्यासाठी एवढा बाऊ? भरू की तेव्हाचं तेव्हा.

गोळीवाली:
अहो दंडाचं सोडा, तो खरंच फार नाही. खरी मेख वेगळीच आहे. खिडकी चुकली की हवा तेव्हा डी घेताच येत नाही, सहसा 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळातच घ्यायचा आणि सुरू होणार 1 जानेवारीला. समजा फेब्रुवारीत हार्टचं काही निघालं आणि डॉक्टरांनी एलिक्विस (रक्त पातळ करणारी महाग गोळी) लिहून दिली, किंवा कॅन्सरची गोळी, की त्या वर्षाचे बाकीचे महिने सगळं खिशातून. तेच डी असेल तर प्लॅनच्या यादीतल्या औषधांवर 2026 मध्ये खिशातून जास्तीत जास्त 2,100 डॉलर, त्यापुढे शून्य. ते जुनं डोनट होल, म्हणजे मधेच कव्हर आटायचं तो टप्पा, 2025 पासून गेलं. इन्सुलिन महिन्याला 35 च्या वर नाही, शिंगल्सची लस फुकट.

आणि @चहाबाज, आईच्या गोळ्यांची स्ट्रिप एकदा उलटी करून बघा. भारतात शुगरला व्हिल्डाग्लिप्टिन सर्रास देतात, ती अमेरिकेत मंजूरच नाही. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळीही इथे मिळत नाही. बॅग राहिली किंवा येणाऱ्यांचं तिकीट रद्द झालं तर तीच गोळी कुठल्याच फार्मसीत मिळायची नाही, इथला डॉक्टर पर्याय म्हणून जानुव्हिया वगैरे लिहील आणि ती ब्रँडेड आहे. शिवाय एफडीए (इथलं औषध नियामक खातं) साधारण तीन महिन्यांच्या साठ्यापर्यंतच कानाडोळा करतं, वर्षाचा साठा आणायचा म्हणजे रिस्कच.

आटपाट_ऑस्टिन:
वरच्या सगळ्याला +1. आत्ता तिचं औषध स्वस्त आहे ना, मग आपल्या झिपमधला सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या, काही राज्यांत 0 प्रीमियमचे पण आहेत, आणि दर ऑक्टोबरला परत तपासा, कारण प्लॅनवाले औषधांची यादी दरवर्षी बदलतात. सप्टेंबरअखेर पत्र येतं बदलांचं, ते जाहिरात समजून रद्दीत टाकू नका. प्रीमियम नका बघू, वेबसाइटवर औषधं आणि फार्मसी टाकली की पूर्ण वर्षाचा खर्च येतो तो आकडा बघा. त्यात एक गंमत आहे, मेटफॉर्मिन ईआर टाइप केलं की दोनतीन सारखीच नावं येतात, त्यातलं ऑस्मोटिक किंवा मॉडिफाइड रिलीज चुकून निवडलंत तर साध्या ईआरच्या कैकपट किंमत दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. बाटलीवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा.

चहाबाज:
बापरे, स्ट्रिप बघितली, व्हिल्डाग्लिप्टिनच आहे 🙈 ते दंडावरून डोकं खात होतो आणि हे लक्षातच नव्हतं. एक एजंट मागे लागलाय, म्हणतो अॅडव्हांटेज प्लॅन (प्रायव्हेट कंपनीतून घ्यायचं मेडिकेअर) घ्या, औषधं त्यातच येतात, वेगळा डी नको. ते?

आटपाट_ऑस्टिन:
अॅडव्हांटेजला ए आणि बी दोन्ही लागतात, तुमच्याकडे ए नाहीये, तर विषयच संपला. हे त्या एजंटाला माहीत नसेल तर त्याचा नंबर ब्लॉक करा. पुढे कधी ए घेऊन अॅडव्हांटेजच्या एचएमओ-पीपीओत (ठराविक डॉक्टरांच्या जाळ्याचे प्लॅन) गेलात तर वरून वेगळा डी घेऊ नका, घेतलात की अॅडव्हांटेजमधून आपोआप बाहेर काढतात. फुकट आणि निःपक्ष सल्ला हवा असेल तर प्रत्येक राज्यात शिप नावाचे समुपदेशक असतात, ते काही विकत नाहीत.

गोळीवाली:
शिपला नक्की फोन करा. आईचं स्वतःचं उत्पन्न, शिल्लक कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्पचंही (डीच्या खर्चाला सरकारी मदत) विचारा, त्याचा अर्ज मात्र सोशल सिक्युरिटीकडेच. ते मिळालं तर लेट दंड लागत नाही. आणि डीसाठी इथल्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागेल, तर बी सुरू झाल्या झाल्या अपॉइंटमेंट घ्या, स्ट्रिप्स सोबत न्या. नवीन पेशंटला कधीकधी महिनामहिना तारीख मिळत नाही.